अकेडियन घराण्याचा मूळ पुरुष फ्रान्समधल्या नेमक्या कुठल्या गावचा? शोध कसा घ्यायचा, पायरी पायरीने

माझ्या सासूबाई माहेरच्या लब्लां. आम्ही कॅनडात न्यू ब्रन्सविकमधे मॉन्क्टनजवळ राहतो आणि इकडे लब्लां, कॉर्मिए, बूद्रो, तेरियो, दूसे ही आडनावं आपल्याकडच्या जोशी-कुलकर्णींइतकी कॉमन आहेत. लग्न करून या घरांत आलेली मराठी माणसं आता अधूनमधून भेटतात आणि मुलं जरा मोठी झाली की प्रश्न येतोच, की बाबांच्या घरचे लोक मूळचे कुठले? घरात एक उत्तर तयार असतं ("फ्रान्समधे लूदाँजवळच्या अमुक गावचे"), इंटरनेटवर दुसरं सापडतं आणि चुलत काकांच्या वहीत तिसरंच. मी या सगळ्यातून गेलेय, म्हणून कुठून सुरू करायचं, काय कुठे मिळतं आणि कुठे पाय घसरतो ते सविस्तर लिहितेय. उदाहरण म्हणून लब्लां घराण्याचा मूळ पुरुष दानिएल लब्लां घेते, कारण त्याचे वंशज सगळ्यात जास्त आणि त्याच्या गावाबद्दलचे दावेही तेवढेच ठाम.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अकेडिया म्हणजे आजचं नोव्हा स्कोशिया आणि आजूबाजूचा भाग, आणि तिथे वसलेले फ्रेंच आणि त्यांचे वंशज म्हणजे अकेडियन. फ्रेंचांनी १६०५ ला पोर्ट रॉयल वसवलं, पण कुटुंबं खऱ्या अर्थाने यायला लागली ती १६३२ नंतर, इसाक द राझिली आणि त्याच्या मागून शार्ल द मनू दोने या गव्हर्नरांच्या काळात. दोने १६५० ला वारला, १६५४ ला इंग्रजांनी पोर्ट रॉयल घेतलं, १६७० ला परत फ्रेंचांकडे आलं. पुढे १७५५ पासून इंग्रजांनी या लोकांना जहाजांत भरभरून हाकलून दिलं. त्यात घरं गेली, चर्चची दप्तरं गेली, आणि आज आपण ज्या प्रश्नाशी झटतोय तो तिथूनच सुरू झाला.

काय काय लागेल

- १६७१ आणि १६८६ च्या जनगणनेची प्रत. मूळ दप्तर फ्रान्सच्या ओव्हरसीज आर्काइव्ह्जमधे आहे, कॉपी कॅनडाच्या राष्ट्रीय आर्काइव्ह्जमधेही मिळते.
- पोर्ट रॉयलच्या सेंट झाँ-बाप्तिस्त चर्चची रजिस्टरं, १७०२ ते १७५५. नोव्हा स्कोशिया आर्काइव्ह्जच्या साईटवर फुकट बघता येतात.
- ग्राँ-प्रे या दुसऱ्या अकेडियन वस्तीची रजिस्टरं, १७०७ ते १७४८. ही निर्वासितांनी सोबत नेली आणि ती आज लुइझियानात, बॅटन रूजच्या डायोसीसकडे (बिशपच्या कार्यालयाकडे) आहेत.
- स्टीफन व्हाईट यांचा अकेडियन घराण्यांचा वंशकोश (१९९९, दोन खंड, मॉन्क्टन विद्यापीठ). मोठ्या लायब्ररीत असतो. हा नसेल तर कामाला लागूच नका असं मी म्हणेन.
- बेल-ईलच्या १७६७ च्या जबान्या. याबद्दल पुढे येतंय.
- फ्रान्समधल्या जिल्हा आर्काइव्ह्जच्या साईट्स: व्हिएन, अँद्र-ए-ल्वार आणि शारांत-मारितीम. बहुतेक रजिस्टरांचे फोटो घरबसल्या दिसतात.
- एक साधी स्प्रेडशीट. ॲप नको, झाड काढायचं सॉफ्टवेअर तर अजिबातच नको, निदान सुरुवातीला, कारण ते रिकामी चौकट दाखवतं आणि आपल्याला ती भरायचा मोह होतो.

१. आजपासून मागे या, फ्रान्समधून पुढे नको

नवीन माणूस नेमकं उलट करतो. गाव ऐकलेलं असतं, मग थेट त्या गावचं रजिस्टर उघडतो, त्यात आडनाव दिसतं आणि झालं, सापडलं! असं होत नाही. आधी आपल्या घरापासून १७५५ पर्यंत आणि तिथून १७०२ पर्यंत एकेक लग्न, एकेक बाप्तिस्मा पक्का करा. या रजिस्टरांची एक गोष्ट फार उपयोगाची आहे, बायकांची नावं माहेरच्या आडनावाने लिहिलेली असतात, त्यामुळे सासरच्या नावाखाली बाई हरवून जात नाही. शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका, बूद्रो चार-पाच पद्धतींनी लिहिलेलं दिसेल, आणि हद्दपारीनंतर मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी काही लब्लां चक्क व्हाईट झालेत.

१७०२ च्या आधी पोर्ट रॉयलची रजिस्टरं उरलेली नाहीत. त्या भिंतीपलीकडे बघायला दोन खिडक्या आहेत, जनगणना आणि लग्नाची परवानगी. दोन्ही पुढे.

२. १६७१ ची जनगणना स्वतः वाचा

फादर लोरां मोलें या कॉर्दलिए (म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाच्या) पाद्र्याने ती घरोघर जाऊन केली. साधारण चारशे माणसं, नवरा-बायकोचं नाव, वय, धंदा, मुलं, गुरंढोरं, जमीन. लोकांनी टाइप केलेल्या याद्या नेटवर खूप आहेत पण मूळ पान एकदा तरी बघाच, कारण त्यात माणसं दिसतात. एत्येन रॉबिशोच्या नोंदीत लिहिलंय की हा मला भेटायलाच तयार नव्हता, घरातून निघून गेला आणि बायकोला सांगून गेला की पाद्र्याला सांग, मी माझ्या जनावरांचा आणि जमिनीचा हिशोब देणार नाही. प्येर लानू नावाच्या पिंप बनवणाऱ्याने निरोप पाठवला की माझी तब्येत ठीक आहे आणि मला वय सांगायचं नाही. मला ती दोन वाक्यं फार आवडतात, आणि त्यातून एक महत्त्वाचं कळतं की यातली वयं म्हणजे तोंडी सांगितलेली वयं, जन्मदाखले नव्हेत.

आता दानिएल लब्लां बघा. १६७१ ला वय ४५, बायको फ्रांस्वाझ गोदे ४८, सगळ्यात मोठा मुलगा झाक २०. १६८६ च्या जनगणनेत दानिएल ६० आणि फ्रांस्वाझ ६३. पंधरा वर्षांत पंधरानेच वाढलेत, म्हणजे १६२६ च्या आसपास जन्म हे धरून चालायला हरकत नाही. असं जुळणं नेहमी होत नाही, बऱ्याच घरांत दोन जनगणनांमधली वयं पाच-दहा वर्षांनी इकडेतिकडे होतात, तेव्हा जन्मसालाला मागेपुढे दहा वर्षांची मोकळीक ठेवा.

याच जनगणनेत झाँ गोदे नावाचा म्हातारा आहे, वय ९६, अख्ख्या वसाहतीत सगळ्यात वयस्कर. फ्रांस्वाझ त्याचीच मुलगी मानली जाते. म्हणजे तिचा बाप इथेच, दानिएलपासूनचं तिचं मोठं मूल १६५१ च्या आसपासचं, आणि दानिएलशी लग्न होण्याआधी ती मेर्सिए आडनावाच्या माणसाची विधवा होती. या सगळ्याचा अर्थ असा निघतो की दानिएल आणि फ्रांस्वाझचं लग्न बहुधा अकेडियातच झालं, त्यामुळे त्यांच्या लग्नाची नोंद फ्रान्सच्या रजिस्टरांत शोधत बसायचं नाही. एवढा एक निष्कर्ष काढला तरी कितीतरी रात्रींचं जागरण वाचतं.

३. बेल-ईलच्या जबान्या: खजिना, पण तपासून

हद्दपार झालेल्यांपैकी ७८ कुटुंबं १७६५ ला फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. त्यांची चर्चची कागदपत्रं हरवलेली, म्हणून १७६७ ला प्रत्येक घरातल्या जाणत्या माणसाकडून शपथेवर वंशावळ लिहून घेतली. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत कसं "अमुकचा मुलगा, तमुकचा नातू" लिहिलेलं असतं तसंच, फक्त इथे वही आधीपासून नव्हती, आठवणीतून नव्याने लिहिली.

आणि अडचण तिथेच आहे. सांगणारा माणूस मूळ पुरुषाच्या चौथ्या-पाचव्या पिढीतला. जवळच्या पिढ्या तो बरोबर सांगतो. पण सगळ्यात वरच्या पिढीला आला की ठरलेलं वाक्य येतं, "बायकोसकट फ्रान्सहून आला". दानिएल लब्लांबद्दलही तेच सांगितलंय. वर बघितलं तसं ते जुळत नाही. म्हणून माझा नियम असा: जबानीतल्या आजोबा-पणजोबांपर्यंतच्या नात्यांवर भरवसा ठेवा, वरच्या टोकाचं वाक्य "घराण्यातली समजूत" या रकान्यात टाका.

४. लग्नाच्या परवानगीचं गणित शिका

हा भाग थोडा किचकट आहे पण अकेडियन संशोधनाचा सगळ्यात ताकदवान हत्यार हाच, तेव्हा सोडून पुढे जाऊ नका. कॅथलिक चर्चमधे त्या काळी चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्न करायला खास परवानगी लागायची, आणि पाद्री रजिस्टरमधे ती पायरी लिहायचा. सख्खी भावंडं पहिली पायरी, चुलत-मामे भावंडं दुसरी, त्यांची मुलं एकमेकांना तिसरी, नातवंडं चौथी. म्हणजे १७१५ च्या एखाद्या लग्नात "तिसऱ्या पायरीची परवानगी" असं असेल तर नवरा-नवरीचे एखादे पणजोबा-पणजी सामाईक आहेत.

आता दोघांच्या सगळ्या माहीत असलेल्या फांद्या कागदावर मांडा आणि कुठली जोडी जुळते ते बघा. जुळत नसेल तर कुठेतरी दोन मूळ पुरुष-बायका भावंडं आहेत हे कळतं, जरी ते कुठेच लिहिलेलं नसलं तरी. व्हाईट यांनी अशी कितीतरी नाती उलगडून दाखवलीत. याचा फ्रान्समधे थेट फायदा होतो, कारण मग तुम्ही एकटा "दानिएल" शोधत नाही तर भावंडांचा गट शोधता, आणि गट जुळणं हे योगायोगाने होणं फार अवघड.

५. ला शोसेचा प्रश्न

लूदाँच्या आसपास ला शोसे, मार्तेझे, औने ही गावं आहेत, आज व्हिएन जिल्ह्यात. दोनेच्या आईकडची जहागीर याच भागात. झेनव्हिएव्ह मासिन्याँ या भाषाअभ्यासक बाईंचा अकेडियन बोलींवरचा मोठा ग्रंथ १९६२ ला आला, त्यात त्यांनी दाखवलं की ला शोसेच्या जुन्या रजिस्टरांत अकेडियन आडनावं बऱ्यापैकी भेटतात, तेव्हा दोनेने आपल्या जहागिरीतली कुळं नेली असावीत. कल्पना पटण्यासारखी आहे. आज ला शोसेला अकेडियनांचं म्युझियमही आहे आणि दरवर्षी वंशज तिथे भक्तिभावाने जातात.

पण आडनाव भेटणं आणि माणूस भेटणं यात फरक आहे, आणि सगळा वाद इथेच आहे. व्हँसां ब्रं आणि रने ब्रो या जोडप्याच्या मुली मादलेन आणि आंद्रे यांचे बाप्तिस्मे ला शोसेला १६४५ आणि १६४६ ला सापडतात आणि १६७१ ला तेच आईबाप, त्याच मुली, जुळणाऱ्या वयांच्या, पोर्ट रॉयलला दिसतात. याला पुरावा म्हणतात. झाँ गोदेच्या नावाचा माणूस औने जहागिरीच्या १६३४ च्या खंडवहीत मार्तेझेला दिसतो, ही चांगली खूण आहे पण ब्रंइतकी पक्की नाही. आणि दानिएल लब्लां? त्याचा बाप्तिस्मा कुठेच सापडलेला नाही. मार्तेझेचं नाव त्याला चिकटलं ते आजूबाजूच्या घराण्यांवरून आणि सासरच्यांवरून. ते खरं असूही शकेल. पण "लब्लां" म्हणजे गोरा, असं आडनाव फ्रान्सच्या कुठल्याही तालुक्यात निघेल, त्यामुळे ऑनलाइन झाडांत त्याच्या डोक्यावर जे आईबाप बसवलेत ते तुमच्या झाडात घेऊ नका, कितीही जणांनी कॉपी केलेले असले तरी.

६. आता फ्रान्सची रजिस्टरं उघडा

गाव निवडलं की आधी बघा, रजिस्टर कुठल्या सालापासून शिल्लक आहे. १५३९ पासून बाप्तिस्मे आणि १५७९ पासून लग्नं-मृत्यू लिहायचा हुकूम होता, पण दुसरी प्रत ठेवणं सक्तीचं झालं १६६७ ला. आपली माणसं त्याआधी निघून गेलेली. म्हणजे गावची एकुलती एक वही पावसात भिजली किंवा उंदराने खाल्ली की संपलं. वही नसेल तर "सापडलं नाही" असं लिहू नका, "१६२० ते १६४० ची वही नाही" असं लिहा. दोन्हीत खूप अंतर आहे.

नोटरींची दप्तरं विसरू नका. ला रोशेलला जहाजावर चढण्यापूर्वी माणसं करार करायची. रॉबेर कॉर्मिए हा जहाजाचा सुतार, त्याचा जानेवारी १६४४ चा करार तिथे सापडला, बायको मारी पेरो आणि मुलगा तोमा यांच्यासह, केप ब्रेटनच्या किल्ल्यावर तीन वर्षं काम करायचा. कॉर्मिए घराण्याचं नशीब असं की एका कागदाने सगळं उजेडात आलं.

वाचताना हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे महिने. आकडा ७ आणि पुढे छोटं "ब्र" दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे (सेप्त म्हणजे सात). ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, आणि रोमन दहा असेल तर डिसेंबर. अक्षर लागत नसेल तर त्याच पाद्र्याची सोपी पानं आधी वाचा, त्याचा "स" आणि "र" कसा वळतो ते कळलं की अवघड पानही उलगडतं.

७. सापळे

*गावचा म्हणजे तिथे जन्मलेला नव्हे.* १६३६ ला ला रोशेलहून निघालेल्या सेंट झाँ जहाजाची प्रवासी यादी टिकलीये, अशी यादी त्या काळासाठी दुर्मिळच. त्यात गियोम त्राहाँ बायको-मुलांसकट बुर्गेचा म्हणून लिहिलाय. पण त्याचं लग्न १६२७ ला शिनोंला झालेलं आणि बाप माँत्रय-बेलेचा. एकाच माणसाची तीन गावं, आणि तिन्ही बरोबर.

*परत आलेले अकेडियन.* हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. हद्दपारीनंतर हजारो अकेडियन फ्रान्समधे येऊन पडले, सेंट-मालो, नांत, बेल-ईल, आणि १७७३-७४ ला बरेचजण पुआतूमधे आर्शिन्यीच्या आसपास वसवले गेले, म्हणजे परत तोच व्हिएन जिल्हा! नंतर १७८५ ला त्यातले साधारण सोळाशे लुइझियानाला गेले. तेव्हा व्हिएनमधे १७७५ ची लब्लां नोंद सापडली म्हणून नाचू नका, ती मुळं नाहीत, परत आलेल्या फांद्या आहेत.

*टोपणनावं.* जेर्में दूसे याला ला व्हर्द्यूर म्हणायचे, आणि मेलांसन घराण्याचा प्येर यालाही ला व्हर्द्यूरच. दोघांचा काही संबंध नाही, मेलांसन मंडळी १६५७ ला इंग्रज गव्हर्नर थॉमस टेम्पलबरोबर इंग्लंडहून आली. घराणं फ्रेंच बोलतं म्हणून मूळ पुरुष फ्रान्समधूनच निघाला असेल असं नाही, हेही इथेच लक्षात घ्या.

*विकतची कुलचिन्हं.* आडनावाचं चिन्ह फ्रेम करून विकणारे खूप आहेत. ही माणसं बहुतेक शेतकरी, सुतार, लोहार होती. पैसे वाया घालवू नका.

८. डीएनए: काय सांगतो, काय नाही

बापाकडची ओळ बघायची तर वाय-डीएनए, म्हणजे थेट मुलगा-मुलगा-मुलगा उतरलेला पुरुष हवा. आमच्याकडे नवऱ्याच्या मामांनी दिला, गालाच्या आतून काडी फिरवायची, एवढंच. एकाच्या टेस्टवर थांबू नका, मूळ पुरुषाच्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या वंशातले पुरुष जुळले तरच ती त्याची ओळ म्हणता येते.

दूसे घराण्याचं उदाहरण बघा. १६४१ च्या सुमारास जन्मलेला धाकटा जेर्में दूसे हा पोर्ट रॉयलच्या किल्ल्याच्या कॅप्टन जेर्में दूसेचा मुलगा असं सगळे धरून चालले होते. त्याच्या वंशजांची वाय ओळ निघाली सी-पी३९, ही अमेरिकेतल्या मूळ निवासींची. कॅप्टनचा दुसरा मुलगा मानला जाणाऱ्या प्येर दूसेच्या वंशजांची मात्र युरोपियन. म्हणजे धाकट्या जेर्मेंच्या बापाकडच्या ओळीसाठी फ्रान्समधे शोधायला काहीच नाही, आडनाव त्याला कसं मिळालं, दत्तक की आणखी काही, हे कागद सांगत नाहीत. उलटंही झालंय: राडगोंद लांबेर ही सुरुवातीच्या अकेडियन बायकांपैकी एक, ती मिकमॅक (म्हणजे तिथल्या मूळ निवासींपैकी) होती असं कित्येक वर्षं छापलं जायचं, तिच्या लेकींच्या ओळीचा डीएनए युरोपियन निघाला. इथे लोकांच्या भावना गुंतलेल्या असतात, नातेवाईकांना रिझल्ट सांगताना जपून आणि सन्मानाने सांगा.

दोन मर्यादा. फ्रान्समधे हौसेखातर अशी टेस्ट करणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे तिकडचे जुळणारे लोक यादीत कमीच. आणि अकेडियन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं केलेली, म्हणून साध्या ऑटोसोमल (आई-बाप दोन्हीकडचा डीएनए बघणाऱ्या) टेस्टमधे लांबचा नातेवाईक जवळचा वाटतो. गावाचं नाव तर कुठलीच टेस्ट सांगत नाही.

९. निकाल कसा लिहायचा, आणि मदत कशी मागायची

स्प्रेडशीटमधे प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पुरावा, शक्यता, समजूत. आमच्या शीटमधे दानिएलपुढे असं आहे: जन्म १६२६ च्या सुमारास, शक्यता. लग्न अकेडियात १६५० च्या सुमारास, शक्यता. १६७१ ला पोर्ट रॉयलला शेतकरी, पुरावा. मार्तेझे, समजूत. आईबाप, रिकामं. सासूबाईंना ते रिकामं बघून आधी वाईट वाटलं, घरातल्या भिंतीवर मार्तेझेचा फोटो आहे. फोटो तिथेच आहे, खाली आता "घराण्यात सांगतात त्याप्रमाणे" अशी ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली.

मॉन्क्टन विद्यापीठातल्या अकेडियन अभ्यास केंद्राला किंवा फ्रान्सच्या जिल्हा आर्काइव्ह्जला मेल करायचा असेल तर "माझ्या पूर्वजांची माहिती द्या" असं लिहू नका, त्याला उत्तर देणं कुणालाच शक्य नसतं. माणसाचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, अंदाजे साल, तुम्ही कुठली रजिस्टरं कुठल्या सालापर्यंत बघून झालीत, आणि नेमका एकच प्रश्न. फ्रान्सला फ्रेंचमधेच लिहा, साधं असलं तरी चालतं. गावातल्या स्थानिक वंशावळ मंडळालाही तोच मेल टाका, कारण रजिस्टरांच्या हाताने बनवलेल्या सूच्या बऱ्याचदा त्यांच्याकडेच असतात आणि त्या नेटवर आलेल्या नसतात.